अग्रहारापासून अर्जापर्यंत

नागपुराच्या आग्नेयेस कुही हे तालुक्याचे गाव आहे. धानाच्या बांध्या, तुरी-कापसाची शेते आणि पूर्वेकडे वैनगंगेचे विस्तीर्ण पात्र, असा हा मुलूख. शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकांत कुहीचे नाव सहसा आढळत नाही. तथापि विद्येचा व्यासंग करणाऱ्याचा चरितार्थ कोणी चालवावा, कोणत्या अटींवर चालवावा आणि त्यासाठी त्याने कोणापुढे उभे राहावे, या जुन्या प्रश्नाचा लेखी पुरावा विदर्भात ज्या थोड्या ठिकाणी हाती लागतो, त्यांपैकी एक ठिकाण या तालुक्यात आहे. त्याचे नाव मांढळ.

मांढळ येथे वाकाटक राजांचे ताम्रपट मिळाले आहेत. एक दुसऱ्या रुद्रसेनाचा, एक त्याचा पुत्र दुसरा प्रवरसेन याचा आणि दोन प्रवरसेनाचा नातू दुसरा पृथिवीषेण याचे. इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या आगेमागे हे पत्रे कोरले गेले. तांब्याचे पातळ पत्रे, त्यांत ओवलेली कडी, तीवर राजमुद्रा, आणि प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर चौकोनी पेटी काढलेली ती वाकाटकांची खास लिपी. भाषा संस्कृत. मजकुराचा साचा ठरलेला असे. राजाची वंशावळ, दान दिलेल्या गावाचे वा शेताचे नाव, त्याच्या चतुःसीमा, दान घेणाऱ्याचे नाव व गोत्र, त्याला मिळणाऱ्या सवलती, आणि पुढील राजांनी हे दान मोडू नये अशी ताकीद. अशा दानास अग्रहार म्हणत. दान घेणारा वेदशास्त्रांत निष्णात असावा, त्याने अध्ययन-अध्यापन करावे, आणि त्याच्या पोटाची चिंता गावाच्या उत्पन्नाने वाहावी, ही त्यामागील व्यवस्था. राजाला पुण्य, विद्वानाला अन्न, आणि गावाला मात्र नवा धनी!

या दानांत अटी कशा असत हे पाहावयाचे तर अमरावती जिल्ह्यातील चम्मक गावी मिळालेला, दुसऱ्या प्रवरसेनाच्या अठराव्या राज्यवर्षातील ताम्रपट वाचावा. त्यात १००० ब्राह्मणांना ८००० भूमी दिल्याचा उल्लेख आहे. परंतु दान बिनशर्त नाही. घेणाऱ्यांनी राज्याशी द्रोह करू नये, ब्रह्महत्या, चोरी व व्यभिचार यांपासून दूर राहावे, राजावर विषप्रयोग करू नये, युद्ध करू नये, शेजारच्या गावांना उपद्रव देऊ नये. असे कोणी केले किंवा करणाऱ्यास संमती दिली, तर जमीन परत घेणाऱ्या राजाला चोरीचा दोष लागणार नाही, असे त्यात स्पष्ट बजावले आहे. हजार विद्वान एका गावी वसविताना राजाला विषाची आठवण व्हावी, ही गोष्ट मौजेची खरी. पण आजच्या काळात शिष्यवृत्तीच्या करारनाम्यावर सही केलेल्या कोणालाही हा साचा अगदीच अनोळखी वाटणार नाही.

मात्र एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. अग्रहार मिळे तो विद्या संपादन करून बसलेल्या पुरुषास. विद्या संपादन करू पाहणारा मुलगा ताम्रपटात कोठेच दिसत नाही. तो गुरूच्या घरी राहणार, त्याच्या गाई राखणार, लाकडे फोडणार आणि गुरुपत्नी जे वाढील ते जेवणार. राजाचे दान त्याच्यापर्यंत पोहोचावयाचे ते गुरूच्या ताटातून. आणि त्या ताटापर्यंत कोणत्या जातीच्या मुलाने यावे हेही आधीच ठरलेले. मांढळच्या आसपासची जमीन जे कसत होते, त्यांच्या मुलांसाठी त्या पत्र्यांवर एक ओळही नाही.

याच कुही तालुक्यात, वैनगंगेला इतर नद्या येऊन मिळतात त्या संगमावर, अंभोरा हे क्षेत्र आहे. मुकुंदराजाने ‘विवेकसिंधु’ येथे रचला अशी तेथील परंपरा सांगते. ग्रंथाचा काळ शके १११०, म्हणजे इसवी सन ११८८, असा मानण्याचा प्रघात आहे. मराठवाड्यातील अंबेजोगाईही मुकुंदराजावर आपला हक्क सांगते, आणि काळाविषयीही विद्वानांत एकमत नाही. तो वाद पंडितांचा पंडितांनी मिटवावा. येथे महत्त्वाचे आहे ते इतकेच की वेदान्तासारखा विषय, जो पाठशाळेच्या भिंतीआड संस्कृतात कोंडलेला होता, तो मराठीत बोलू लागला. ज्याला पाठशाळेचा उंबरठा ओलांडता येत नव्हता त्याच्यासाठी पाठशाळाच बाहेर आली. पुढे कीर्तनकार, प्रवचनकार, पोथी लावून बसणारा गावचा कुळकर्णी आणि एकतारीवर अभंग म्हणणारा फिरस्ता, यांनी हीच वर्गाबाहेरची शाळा कित्येक शतके चालविली. तिला फी नव्हती, परीक्षा नव्हती. मात्र तिचा दाखलाही कोणत्या दरबारात चालत नसे.

दरबारात चालणारी विद्या शिकावयाची तर घर सोडावे लागे, आणि घर सोडले की जेवणाचा प्रश्न येई. या प्रश्नाला मराठी समाजाने दिलेले उत्तर म्हणजे माधुकरी आणि वार. मुलाने झोळी घेऊन ठरावीक घरी जावे आणि शिजलेले अन्न मागून आणावे, ती माधुकरी. आठवड्याच्या सात दिवसांसाठी सात घरे धरावीत, आणि ज्या वारी ज्या घरी ठरले असेल तेथे जेवावे, हे वार लावणे. कोणतीही समिती नाही, निधी नाही, हिशेबाची वही नाही. गृहिणींच्या शब्दावर ही संस्था उभी होती, आणि पुणे, वाई, नाशिक, नागपूर अशा ठिकाणी हजारो मुले तिच्या आधारावर शिकून गेली. तिचे गोडवे पुष्कळांनी गाइले आहेत. परंतु एखाद्या घरी अडचण निघाली की तो वार उपाशी जाई. आणि दाराशी उभे राहून हाक घालताना आतून काय ऐकू येईल या धास्तीने ज्या मुलाचा आवाज बसत असे, त्याचा वृत्तांत या गोडव्यांत क्वचितच सापडतो. शिवाय ही सोयही ब्राह्मणांच्या मुलांपुरतीच होती. कुणब्याच्या, तेल्याच्या, महाराच्या मुलाला वार लावून कोण जेवू घालणार होते?

जेथे वारही नसत तेथे घरातल्याच कोणाच्या तरी पोटाला चिमटा बसे. गोपाळ कृष्ण गोखले यांचे वडील १८७९ साली वारले. थोरले बंधू गोविंदराव शिक्षण सोडून १५ रुपयांच्या नोकरीवर लागले आणि त्यांतले ८ रुपये धाकट्या भावाला कोल्हापुरास पाठवू लागले. उरलेल्या ७ रुपयांत घर चाले. गोखल्यांच्या कीर्तीत या ७ रुपयांचा वाटा मोजण्याचे माप कोणापाशी आहे? गोपाळ गणेश आगरकर तर शिक्षणासाठी गावोगाव फिरत वऱ्हाडात अकोल्यापर्यंत गेले, १८७५ साली मॅट्रिक झाले आणि मग डेक्कन कॉलेजात दाखल झाले. तेथे अंगावर एकच सदरा. रात्री धुवावयाचा आणि सकाळी तोच घालावयाचा.

सरकारी खजिन्यातून विद्येला पैसा मिळण्याची पेशवाईतील मोठी रीत म्हणजे श्रावणमासाची दक्षिणा. तळेगावच्या दाभाडे सेनापतींनी ती सुरू केली आणि पुढे ती पेशव्यांनी पुण्यास चालविली. पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात देशोदेशींचे ब्राह्मण जमत. जाणते शास्त्री परीक्षा घेत. ज्याची विद्या मोठी त्याची दक्षिणा मोठी, आणि उरलेल्या समुदायाला थोडेफार दिले जाई. परीक्षा घेऊन पैसा देण्याची कल्पना येथे प्रथम ठळकपणे दिसते. परंतु परीक्षेस बसण्याचा अधिकार जन्माने ठरलेला होता.

१८१८ साली पेशवाई गेली. एल्फिन्स्टनसाहेब धोरणी. दक्षिणा एकदम बंद केली तर पुण्यात असंतोष माजेल हे त्यांनी जाणले, आणि तिचा काही भाग पाठशाळेकडे वळविण्याचा विचार मांडला. १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली ती याच पैशातून. शिकणाऱ्या मुलांना वेतन देऊन बसविण्यात आले. दान आता गुरूच्या ताटातून न जाता थेट विद्यार्थ्याच्या हातात पडू लागले. हा फरक थोडाथोडका नव्हे.

त्याहून मोठा फरक घडला तो १८४९ साली. पुण्यातील इंग्रजी शिकलेल्या काही तरुणांनी, लोकहितवादी गोपाळराव देशमुख यांच्या पुढाकाराने, सरकारकडे एक अर्ज केला. दक्षिणेतून शिल्लक राहणारा पैसा मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षिसांदाखल द्यावा, आणि ती बक्षिसे कोणत्याही जातीच्या मनुष्यास मिळण्यास आडकाठी असू नये, असे त्यात मागणे होते. शहरात खळबळ उडाली. दक्षिणेवर पिढ्यान्‌पिढ्या जगणाऱ्यांना हा आपल्या ताटावरचा घाला वाटला. अर्जदारांना मारहाण होण्याची धास्ती होती. तेव्हा बावीस वर्षांच्या जोतीराव फुल्यांनी आपले गडी घेऊन त्यांच्या रक्षणाचा भार उचलला, असे फुल्यांच्या चरित्रांत सांगितले आहे. अर्ज दाखल झाला. १८५१ साली दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली, आणि तिच्या बक्षिसांनी मराठी ग्रंथरचनेस पुढे अनेक वर्षे हात दिला. त्याच निधीतून कॉलेजांत दक्षिणा फेलो नेमले जाऊ लागले. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे मुंबई विद्यापीठाचे १८६२ सालचे पहिले पदवीधर. दोघेही दक्षिणा फेलो होते.

या अर्जाकडे इतिहासाने अधिक लक्ष पुरवावयास हवे होते. माधुकरी मागणारा मुलगा याचना करतो. त्याला नकार मिळाला तर कारण विचारण्याचा अधिकार नसतो. १८४९ च्या तरुणांनी याचना केली नाही. पैसा कोणाचा, तो कशासाठी आणि कोणाला मिळावा, हा वाद त्यांनी लेखी मांडला. दान आणि हक्क यांच्यामधली पहिली पायरी म्हणजे हा कागद.

पायरी चढणाऱ्याला तपासनीस आडवा येतो, हे मात्र तेव्हापासूनचेच. कोकणातील मुरूडचा धोंडो केशव कर्वे हा मुलगा सरकारी परीक्षेला बसण्यासाठी मित्रांसह भर पावसात, सह्याद्रीचा घाट चढून, शंभरांहून अधिक मैल पायी चालत साताऱ्यास पोहोचला. परीक्षेला वयाची सतरा वर्षे पुरी लागत. त्याच्याजवळ वयाचा दाखला होता. समितीच्या प्रमुखांनी मुलाकडे पाहिले, तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस असे म्हटले, आणि त्याला परत पाठविले. दाखला खोटा नव्हता; मुलगा अंगाने लहानखुरा होता, एवढेच. पुढे महर्षी झालेल्या या मुलाने ती परतीची वाट कशी तुडविली असेल, याची कल्पना केलेली बरी.

नागपूर प्रांती हे सारे थोडे उशिराने आले. भोसल्यांचे राज्य १८५३ साली तिसऱ्या रघुजीच्या मृत्यूनंतर इंग्रजांनी घशाखाली घातले. त्याआधीच स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी तेथे येऊन राहिले होते आणि १८४६ साली त्यांनी शाळा काढली होती. त्यांच्या धर्मप्रसाराविषयी कोणाचे काय मत असेल ते असो. शिक्षक म्हणून हा गृहस्थ निराळा होता. १८५१ साली नागपुराजवळ टाकळीकडे फिरावयास गेले असता त्यांना व त्यांचे सहकारी हंटर यांना दगडात रुतलेले शंख-शिंपले दिसले, आणि तेथून मध्यप्रांताच्या भूगर्भाचा शोध सुरू झाला. डोंगर, ओढे, खाणी, गोंडांची भाषा व गाणी, जमिनीवरची प्राचीन दगडी वर्तुळे, हे सारे हिस्लॉप यांच्या अभ्यासाचे विषय होते. पुस्तक संपते तेथे शिक्षण संपत नाही, हे त्यांनी बोलून दाखविले नाही, चालून दाखविले.

त्यांचा शेवटही तसाच झाला. १८६३ च्या सप्टेंबरात चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्याबरोबर ते टाकळघाटची दगडी वर्तुळे पाहावयास गेले. परतताना बोरीची शाळा तपासण्यासाठी ते मागे थांबले. मुलांची परीक्षा घेऊन रात्री घोड्यावरून एकटेच निघाले. पावसाने ओढा फुगला होता. त्यात ते बुडाले. तारीख ४ सप्टेंबर. त्याच वर्षी नागपुरात मध्यवर्ती संग्रहालय स्थापन झाले. नागपूरकर त्याला अजब बंगला म्हणतात. खेड्यातून जिल्ह्याच्या गावी आलेले मूल अजूनही आधी अजब बंगला पाहावयास मागते आणि शाळेत न दिसलेले पुष्कळ काही तेथे पाहून जाते.

नागपुरात हिस्लॉप यांच्या नावाचे कॉलेज १८८३ साली आणि मॉरिस कॉलेज १८८५ साली निघाले. नागपूर विद्यापीठ स्थापन झाले १९२३ साली. तोवर पदवीचा शिक्का परप्रांतीच्या विद्यापीठाचा घ्यावा लागे. कुहीसारख्या गावच्या मुलाला या कॉलेजांचे अंतर कोसांत मोजावयाचे नव्हते. कुहीवरून नागपूरला जाणारी अरुंद रुळांची गाडी आली, तीही रखडत का होईना नागपुरास पोहोचवी. रुंदीकरणासाठी ती २०१९ साली बंद होईपर्यंत कित्येक पिढ्यांनी तिचा धूर खाल्ला. अंतर होते ते फीचे, खोलीच्या भाड्याचे आणि शेतावर एक हात कमी पडण्याचे.

शिष्यवृत्त्या नव्हत्या असे नाही. सरकारने त्या ठेविल्या होत्या आणि गुणांच्या चढाओढीने त्या वाटल्या जात. यापेक्षा न्याय्य रीत कोणती, असे कोणालाही वाटेल. १८८२ साली हंटर यांच्या शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी जे निवेदन ठेविले त्यात या समजुतीवर नेमके बोट ठेविले आहे. चढाओढीने शिष्यवृत्ती देणे वरवर समतेचे दिसते. परंतु ज्या वर्गांत विद्येचा शिरकावच झालेला नाही त्यांच्यात तिने विद्या पसरत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. ज्याच्या घरी आजा-पणजापासून पोथी आहे आणि ज्याच्या घरी दिवाही नाही, त्या दोघांना एकाच रेघेवर उभे करून शर्यत लावली, तर निकाल शर्यतीपूर्वीच लागलेला असतो. शेतकऱ्याच्या सारापट्टीतून शाळा चालतात आणि शेतकऱ्याचा मुलगा मात्र बाहेर राहतो, हेही त्यांनी सरकारला सुनावले. रमण्यातील परीक्षा आणि इंग्रजी शिष्यवृत्तीची परीक्षा यांत नाव बदलले होते, भाषा बदलली होती; बक्षीस पूर्वीप्रमाणेच आधी शिकलेल्याकडे जात होते. तेहतीस वर्षांपूर्वी अर्जदारांचे रक्षण करणाऱ्या पुरुषाने आता स्वतःचा अर्ज लिहिला होता, आणि तो अधिक खोल जाणारा होता.

फुल्यांचे म्हणणे आयोगाने फारसे मनावर घेतले नाही. ते मनावर घेतले दोन मराठी संस्थानिकांनी. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले आणि पुढे जातीजातींची वसतिगृहे उभी करून कोल्हापुरास वसतिगृहांची माता ही पदवी मिळवून दिली. महाराजांनी मर्म ओळखले होते. खेड्यातल्या मुलाला फी माफ करून भागत नाही. त्याला रात्री निजावयास जागा आणि दोन वेळा भाकरी पाहिजे. आणि वसतिगृहात आणखी एक गोष्ट फुकट मिळते. चार गावची मुले एकत्र राहतात, वर्तमानपत्र वाचतात, वाद घालतात. वर्गात न मिळणारे अर्धे शिक्षण तेथे होते.

दुसरे संस्थानिक बडोद्याचे सयाजीराव गायकवाड. १९१३ साली त्यांनी भीमराव रामजी आंबेडकर या तरुण पदवीधराला अमेरिकेस धाडले. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी, असा करार झाला. चम्मकच्या ताम्रपटाप्रमाणे येथेही अटी होत्या. परंतु या वेळी दान घेणारा त्या वर्गातील होता ज्याचे नाव पंधराशे वर्षांत कोणत्याही पत्र्यावर कोरले गेले नव्हते. साडेअकरा पौंडांत न्यूयॉर्कचा खर्च भागवून त्याने जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे दोन हजार पुस्तके जमविली. पोटास चिमटा घेऊन विकत घेतलेली ती पुस्तके ज्या जहाजातून परत येत होती ते महायुद्धात १९१७ साली पाणतीराने बुडविले. लंडनचे शिक्षण तर त्याआधीच अर्धवट टाकून यावे लागले होते, कारण शिष्यवृत्तीची मुदत सरली होती. बडोद्यास नोकरीवर रुजू झाल्यावर या विद्वानाला राहावयास घर मिळेना. शिष्यवृत्ती माणसाला न्यूयॉर्कला पोहोचवू शकते. परत आल्यावर त्याला गावात जागा देणे तिच्या हाती नसते. पुढे मुंबईस प्राध्यापकी करून पैसे साठविले, नवल भथेना या पारशी मित्राने हात दिला, शाहू महाराजांनी साहाय्य केले, आणि १९२० साली लंडनचा अभ्यास पुन्हा सुरू झाला. तेथे ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयाचे दार उघडल्यापासून मिटेपर्यंत ते वाचीत बसत.

हे सारे भोगलेल्या पुरुषाने पुढे जे मागितले ते दान नव्हते, आणि तो प्रसंग नागपुरातच घडला. १९४२ च्या जुलै महिन्यात नागपुरास अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली. तीत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा पाया घातला गेला. त्या परिषदेच्या ठरावांत राजकीय हक्कांबरोबर एक शिक्षणाचे कलम होते. प्रत्येक प्रांताच्या अंदाजपत्रकात अस्पृश्यांच्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणासाठी एक वार्षिक रक्कम आणि उच्च शिक्षणासाठी दुसरी वार्षिक रक्कम कायद्याने बाजूला काढावी, आणि या रकमा प्रांताच्या महसुलावरील पहिला बोजा समजल्या जाव्यात, अशी ती मागणी होती. पहिला बोजा, म्हणजे इतर कोणताही खर्च करण्यापूर्वी द्यावयाचे देणे. राजाच्या मर्जीवर आणि दात्याच्या पुण्यावर अवलंबून असलेली गोष्ट येथे सावकाराच्या देण्यासारखी वसूल करण्याजोगी झाली. ताम्रपटापासून निघालेल्या वाटेवर याहून मोठा टप्पा दाखविता येणार नाही. त्याच महिन्यात डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात दाखल झाले, आणि ऑक्टोबरात त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन सादर केले. शिष्यवृत्तीची मागणी त्यात होती. १९४४ साली हिंदुस्थान सरकारने अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकनंतरच्या शिष्यवृत्त्यांची योजना सुरू केली. वार्षिक तरतूद ३ लाख रुपयांची. पुढे स्वातंत्र्यानंतर हीच योजना वाढत गेली आणि अनुसूचित जमातींनाही लागू झाली.

शेतकरी वर्गातही याच सुमारास हालचाल झाली. अमरावती जिल्ह्यातील पापळ गावचे पंजाबराव देशमुख १९२० साली विलायतेस गेले ते वडिलांनी जमीन गहाण टाकून उभ्या केलेल्या पैशावर. एडिंबरोस त्यांना संस्कृतची शिष्यवृत्ती मिळाली, ऑक्सफर्डला वेदवाङ्मयातील धर्मकल्पनांवर प्रबंध लिहून ते डॉक्टर झाले. परत आल्यावर त्यांनी अमरावतीस सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे श्रद्धानंद छात्रालय चालविले आणि १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली. जमीन गहाण टाकणे ही विदर्भातील खरी जुनी शिष्यवृत्ती. तिची नोंद सावकाराच्या वहीत असते, आणि परीक्षेचा निकाल काही लागो, व्याज चुकत नाही.

धनिकांपैकी कामठीचे रावबहादूर लक्ष्मीनारायण यांचे नाव घ्यावयास हवे. मँगनीजच्या खाणींवर मिळविलेली संपत्ती त्यांनी मृत्युपत्राने नागपूर विद्यापीठास दिली, ती औद्योगिक शास्त्राच्या शिक्षणासाठी. ते १९३० साली वारले. त्यांच्या नावाची संस्था १९४२ साली सुरू झाली. नागपूरच्या परिषदेचेही वर्ष तेच.

आज कुही हे तहसिलीचे ठिकाण आहे. अग्रहार देणारा राजा नाही, वार लावणारे घर नाही. आहे तो अर्ज. कॉलेजात नाव घातलेल्या मुलाला किंवा मुलीला तहसील कचेरीतून उत्पन्नाचा दाखला काढावा लागतो, रहिवासाचा काढावा लागतो, जातीचा आणि त्याच्या पडताळणीचा वेगळा. गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली ज्यांची गावे गेली त्यांना गावाचे जुने नाव कोणते आणि नवे कोणते, हेही कधी समजावून द्यावे लागते. मग सारे कागद संगणकावर चढवावयाचे. एका योजनेस राजर्षी शाहू महाराजांचे नाव आहे. वसतिगृहाच्या निर्वाहभत्त्याच्या एका योजनेस पंजाबराव देशमुखांचे आणि दुसऱ्या एकीस डॉ. आंबेडकरांचे. अर्ज भरणाऱ्या मुलांपैकी पुष्कळांना ही नावे केवळ योजनांची नावे म्हणून ठाऊक असतात. त्यात त्यांचा दोष नाही. कचेरीत रांग लागलेली असता इतिहास कोण सांगत बसणार? परंतु गुण कमी पडले म्हणून आपली गरज खोटी ठरत नाही, हे १८८२ साली एका मनुष्याने सरकारला लिहून कळविले होते; आणि हा पैसा मागताना मान खाली घालण्याचे कारण नाही, हे नागपुरातच १९४२ साली ठराव करून सांगितले गेले होते. एखाद्या शिक्षकाने रांगेतल्या मुलीला इतके सांगितले तरी तिच्या हातातील कागदाचे वजन तिला निराळे लागेल.

अर्ज मंजूर झाला म्हणजे फी भागते, आणि क्वचित खोलीचे भाडेही भागते. त्यापलीकडच्या शिक्षणासाठी अर्जात रकाना नाही. हिस्लॉप टाकळीकडे चालत गेले ते कोणत्याही अनुदानावर नव्हे, आणि ती दोन हजार पुस्तके साडेअकरा पौंडांच्या हिशेबात कोठेच बसत नव्हती. १९७५ ते १९७७ या काळात नागपूर विद्यापीठाने मांढळ येथे उत्खनन केले. विटांच्या देवळांचे अवशेष निघाले, आणि महाराष्ट्रात अन्यत्र सहसा न दिसणाऱ्या, अनेक मुखांच्या अद्भुत शैव मूर्ती निघाल्या. त्या मूर्ती नागपुरास नेऊन ठेविल्या आहेत. आपल्याच गावच्या मातीतून निघालेला तो देव पाहावयाचा असेल तर मांढळच्या मुलाला आधी नागपूरच्या गाडीभाड्याची तजवीज करावी लागते.